हुरड्याचे वाटेकरी

पौष लागला की आमच्या अंगणातल्या परातीतली ज्वारी कुणी खात नाही. आश्विनापर्यंत सकाळी मूठभर टाकली की ऊन ओट्यावर चढायच्या आत चिमण्या ती साफ करतात. चैत्र-वैशाखात तर होले माणसाची भीड न धरता उंबऱ्यापर्यंत चालत येतात आणि दाणे संपले की मान वाकडी करून घराकडे बघतात. पण ऐन थंडीत, पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरलेला असताना, म्हणजे ज्या दिवसांत पाखरांना आपली गरज असेल असं आपल्याला वाटतं त्याच दिवसांत, परात भरलेली राहते. एखादी खार येते, दोन दाणे उचलते, त्यातला एक टाकून देते. संध्याकाळी ती ज्वारी मी शेजारच्या कोंबड्यांपुढे ओततो.

आमचं गाव अंबड तालुक्यात, गोदावरीच्या अलीकडं. जायकवाडीचा डावा कालवा गावापासून फार लांब नाही. त्यामुळे कालव्याखालचं शिवार उसाचं आणि वरचं कोरडवाहू, अशी गावाची सरळ वाटणी झालेली आहे. घर जुनं, माळवदाचं. पुढं अंगण, अंगणात लिंब, बाजूला गोठा आणि गुरांचा हौद. गुरं म्हणजे आता एक गाय आणि तिचं वासरू, पण हौद चार बैलांच्या मापाचा. पाखरं बघायला याहून जास्त काही लागत नाही. एक दुर्बीण आहे, तीही भाच्यानं अमेरिकेहून पाठवलेली.

हा भाचा मिनेसोटाच्या उत्तर भागात राहतो. तिकडं पाइन, स्प्रूस आणि भूर्जाची जंगलं, मध्ये मध्ये सरोवरं, आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बर्फ. घरामागच्या अंगणात त्यानं दाण्याचा डबा टांगला आहे. त्यात काळं सूर्यफूल असतं, शेजारी जाळीत चरबीची वडी अडकवलेली असते. उणे पंचवीस तापमानात त्या डब्यावर येणाऱ्या पाखरांचे व्हिडिओ तो मला पाठवतो. त्याचा लाडका पक्षी म्हणजे चिकडी. काळी टोपी, पांढरे गाल, वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम. हा एवढासा जीव दिवसभर एकेक बी उचलून झाडाच्या सालीत वेगवेगळ्या फटींत लपवतो आणि नंतर नेमका तिथं जाऊन काढून खातो. रात्री अंगातली ऊब पुरवायची म्हणून शरीराचं तापमान दहा-बारा अंशांनी खाली उतरवतो आणि सकाळी पुन्हा चढवतो. हे वाचल्यापासून मला आमच्या थंडीबद्दल तक्रार करायची लाज वाटते. वसंतात अस्वलं जागी झाली की भाचा डबा काढून घरात ठेवतो, नाहीतर अस्वल खांबासकट घेऊन जातं. हिवाळाभर तो डब्यावर आलेली पाखरं मोजून एका मोठ्या नोंदणीला कळवतो. ही नोंदणी १९७६ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओत सुरू झाली आणि १९८७ पासून सगळ्या उत्तर अमेरिकेत पसरली. तिच्यामुळे कोणता पक्षी कुठं वाढला आणि कुठं घटला, हे तिथल्या शास्त्रज्ञांना घरबसल्या कळतं.

जानेवारीत त्याचा फोन आला की एक प्रश्न ठरलेला असतो. "मामा, तुमच्याकडं काय काय येतंय दाण्यावर?"

"काही नाही येत."

पहिल्यांदा हे ऐकून तो काळजीत पडला. मराठवाड्यातली पाखरं संपली, औषधं फवारून फवारून आपण ती मारली, असं त्यानं धरलं. औषधांबद्दल त्याचं अगदीच चुकत होतं असं नाही. पण परात भरलेली राहण्याचं कारण वेगळं आहे. त्याच्याकडं थंडी म्हणजे पाखरांचा दुष्काळ, आमच्याकडं थंडी म्हणजे सुगी. कपाशीच्या वेचण्या चालू असतात, तूर शेंगांनी लगडलेली असते, हरभऱ्याला घाटे धरत असतात आणि शाळू चिकात आलेला असतो. ज्याच्या पुढं कोसभर लांब पंगत मांडलेली आहे, त्यानं माझ्या परातीतले वाळके दाणे टिपायला कशाला यावं? चिमण्यासुद्धा या दिवसांत घर सोडून थव्यानं वावरात मुक्कामाला जातात. दुष्काळ आमच्याकडंही येतो, तो फाल्गुन सरल्यावर. तेव्हा शेतं उघडी पडतात, नाले आटतात आणि परातीभोवती भांडणं सुरू होतात.

म्हणूनच आपल्याकडच्या पक्षीप्रेमाचं वेळापत्रक मला जरा विनोदी वाटतं. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्य सरकारनं २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवला. कल्पना छानच आहे. पण शाळाशाळांतून त्या आठवड्यात मुलांकडून प्लॅस्टिकच्या बाटल्या कापून दाण्याच्या कुप्या करवून घेतात आणि झाडांना टांगतात, तेव्हा सोयाबीनच्या काढणीत सांडलेलं धान्य आणि त्यावरचे किडे अजून शिवारात असतात. एप्रिलमध्ये, जेव्हा त्या कुप्यांत खरंच काही असायला हवं, तेव्हा त्या उन्हानं तडकून लोंबकळत असतात आणि मुलं परीक्षेला बसलेली असतात. त्या मानानं २० मार्चचा चिमणी दिवस वेळेवर येतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेनं तो २०१० मध्ये सुरू केला, आता तो जगभर पाळतात.

परात रिकामी होत नाही याचा अर्थ अंगण रिकामं असतं असा नाही. उलट वर्षातलं सगळ्यात लांबून आलेलं पाहुणेमंडळ याच दिवसांत आमच्याकडं असतं. फक्त ते दाणे खात नाही.

दसऱ्याच्या आगेमागे पहिला धोबी येतो. हौदाच्या कडेनं पाणी सांडून जो ओलावा राहतो, तो त्याचा. पांढरं तोंड, काळी छाती, लांब शेपूट सारखी वर-खाली. तुरुतुरु पळायचं, थांबायचं, शेपूट हलवायची, माशी टिपायची. गाय त्याच्याकडं बघत नाही आणि तो गाईकडं बघत नाही, पण तिच्या पायांतून तो असा फिरतो की जणू त्याला तिचे चारही पाय पाठ आहेत. हा हिमालयात, मध्य आशियात, सैबेरियात अंडी घालणारा पक्षी. तिकडचं पाणी गोठायला लागलं की खाली उतरतो आणि त्याला आमच्या हौदाची गळती पुरते. ती गळती मी मुद्दाम बुजवलेली नाही. घरच्यांना मी गवंडी मिळत नाही असं सांगतो.

त्याच्यामागून थिरथिऱ्या येतो. माळवदाचा कठडा, गोठ्याची मेढ आणि उकिरड्यावर रोवलेली काठी, एवढं त्याचं राज्य. नर काळा, पोटाखाली विटकरी, मादी मातकट. बसला की आधी वाकून नमस्कार करतो आणि मग शेपूट थरथरवतो. उकिरडा हे त्याचं ताट आहे. शेणात, कुजक्या कडब्यात जेवढे किडे, तेवढा तो खूष. गावात ग्रामपंचायतीनं स्वच्छतेची मोहीम काढली आणि बहुतेक उकिरडे गावाबाहेर हलवले. गाव दिसायला चांगलं झालं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या आळीतले थिरथिरे आता जवळपास सगळे आमच्याच गोठ्याकडे असतात, आणि दोन नर समोरासमोर आले की दिवसभर कठड्यावरून एकमेकांना हुसकावणं चालतं.

लिंबाच्या शेंड्यात एक हिरवट वटवट्या असतो. तो दिसत नाही, ऐकू येतो. पानाएवढाच, पानाच्याच रंगाचा. खालच्या फांदीवर लिटकुरी, करड्या अंगाची, शेपटीला दोन्ही बाजूंनी पांढरी पट्टी, कधी कधी गळ्यावर नारिंगी डाग. या दोघांनाही दाण्यांशी काही देणंघेणं नाही. लिंबावरचा मावा, कोळी, चिलटं यांवर त्यांचा हिवाळा निघतो. दारात लिंब ठेवला, त्यावर औषध मारलं नाही, एवढंच आपलं यजमानपण.

खरी पंगत मात्र घराबाहेर, काळ्या रानात.

शाळूची कणसं चिकात आली की भोरड्या उतरतात. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, डोक्यावर मागं पडलेला तुरा. एकटी भोरडी कुणी पाहिलेली नाही. चादर झटकावी तसा थवा एकदम उचलला जातो, हवेत वळतो, पलीकडच्या वावरात पडतो. हा पक्षी पूर्व युरोपपासून कझाकस्तानच्या गवताळ रानांपर्यंत, दगडांच्या ढिगात घरटी करतो आणि तिथले टोळ खाऊन पिल्लं वाढवतो. पिल्लं उडाली की आपल्याकडं निघतो. श्रावणापासून त्याची ये-जा सुरू होते, आणि पळस-पांगारा फुलून गेला की परत जातो. म्हणजे वर्षातले जास्त महिने तो आपल्याकडंच राहतो, फक्त बाळंतपणाला माहेरी गेल्यासारखा तिकडं जातो. त्याच्याबरोबर भारीट येतात, काळ्या डोक्याचे आणि तांबड्या डोक्याचे, पोटानं पिवळेधमक. सुगरणी असतात, मुनिया असतात, आपल्या घरच्या चिमण्या असतात, आणि अख्खं कणीस तोडून नेणारे पोपट. विजेच्या तारेवर नीलपंख बसलेला असतो. कणसांच्या शेंड्याला पंख टेकतील इतक्या खालून एखादा भोवत्या तरंगत जातो, आणि त्याची सावली पडली की सगळं शिवार एकदम गप्प होतं.

या पंगतीला यजमानांनी बोलावलेलं नसतं. माझ्या लहानपणी थंडीत शाळा बुडायची ती पाखरं हाणायला. वावराच्या मधोमध चार मेढींचा माळा, त्यावर पोरं किंवा म्हाताऱ्या, हातात गोफण. अंबाडीच्या दोरीची गोफण डोक्यावरून गरगरा फिरवून एक टोक सोडलं की गुंडा सुटायचा आणि दोरीचा फटका बंदुकीसारखा वाजायचा. पाखरं मरत नसत. फटक्यानं उठायची, शेजारच्या वावरात जायची. तिथला माळ्यावरचा माणूस आरोळी देऊन ती पुढं ढकलायचा. अशी ती दिवसभर शिवारातून फिरत राहायची आणि फिरता फिरता खात राहायची. ऊन चढलं की आगटीत गोवऱ्या पेटायच्या, कणसं भाजली जायची, हातावर चोळून गरम हुरडा, गूळ आणि तिळाची चटणी. आम्ही खाली खात असू आणि पाखरं वर.

तुकोबांची एक गोष्ट सांगतात. कुणी शेतकऱ्यानं त्यांना राखणीला बसवलं. पाखरं आली, पण भुकेल्याला कसं हाकलायचं म्हणून त्यांनी गोफण उचललीच नाही. मालक येऊन बघतो तर कणसं रिकामी. तंटा पंचांपुढं गेला, आणि खळं झालं तेव्हा नेहमीपेक्षा जास्त धान्य निघालं. ही गोष्ट मला आमच्या आजीनं सांगितली. तिची स्वतःची गोफण गावात नामांकित होती. तिला दोन्हींत विसंगती वाटत नसे. पाखरांचा वाटा असतो हे तिला मान्य होतं, फक्त तो किती, हे ती माळ्यावर बसून ठरवत होती. खळ्यावर मदन झालं की तळाची चार पायली तशीच सोडायची आणि नव्या कणसांची एक जुडी ओसरीच्या आढ्याला टांगायची, हेही तीच करायची. हे तिचं खातं आजच्या कुठल्याही पर्यावरणवाद्यापेक्षा मला जास्त चोख वाटतं.

ते खातं आता मोडलं आहे, आणि ते पाखरांनी मोडलेलं नाही.

गेल्या काही वर्षांत आमच्या शिवारात शाळू पेरणारे हाताच्या बोटांवर आले. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. सोयाबीनला मळणीयंत्र मिळतं, ज्वारीची काढणी हातानं करावी लागते आणि त्याला मजूर मिळत नाही. रेशनवर गहू-तांदूळ आला, भाकरी मागं पडली. बैल गेले, ट्रॅक्टर आले, मग कडबा कुणासाठी? कालव्याखाली ऊस शिरला, वर जिथं विहिरीला पाणी आहे तिथं मोसंबीच्या बागा उभ्या राहिल्या. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळालं. २०२३ हे वर्ष भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. त्या वर्षी शहरांतल्या हॉटेलांत ज्वारीचे पिझ्झे मिळू लागले असं वाचलं. आमच्या गावात त्या वर्षी शाळूचं एकही वावर वाढलं नाही.

पण या कारणांत एक कारण कागदावर कधी येत नाही. ते मला शेजारच्या मळ्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सांगितलं. त्यानं हट्टानं चार एकर मालदांडी पेरली होती. हुरड्याला गेलो तर माणूस माळ्यावर बसून घसा खरवडून ओरडत होता. कॅसेटची रीळ ताणलेली, पत्र्याचे डबे टांगलेले, बुजगावण्याला सुनेची जुनी साडी नेसवलेली. वरून भोरड्यांचा थवा असा पडत होता की कणसं वाकत होती.

"भाऊ," तो म्हणाला, "पाखरू खातं याचं काही नाही. आज्या-पणज्यापासून खात आलंय. पण आधी सगळ्या शिवाराचं खायचं, आता एकट्या माझं खातंय."

या एका वाक्यात सगळं गणित आहे. शिवारभर ज्वारी असायची तेव्हा थवा तेवढाच मोठा होता, कदाचित याहून मोठा. पण दोनशे वावरांत तो वाटला जायचा. प्रत्येकाची दोन-चार पायली जायची, कुणाचं घर बुडत नसे, म्हणून पाखरांचा वाटा ही गोष्ट सोसण्यासारखी होती. कझाकस्तानातून निघालेल्या थव्याला शिवारातली पेरणी बदलल्याचं कुणी कळवत नाही. तो येतो तेवढाच, आणि जे एकुलतं एक वावर दिसतं त्यावर उतरतो. मग पुढल्या वर्षी तो शेतकरीही सोयाबीन पेरतो. उरलेला एक, त्याच्यावर आणखी मोठी धाड. शेवटच्या ज्वारीवाल्याला ज्वारी सोडावीच लागते. त्या म्हाताऱ्यानं पुढल्या वर्षी तेच केलं, आणि मला त्याला एक शब्द बोलता आला नाही.

एवढं करून भोरडी निव्वळ लुटारू असती तर प्रश्न सोपा होता. पण चीनच्या शिनज्यांग प्रांतात हाच पक्षी टोळ खातो म्हणून त्याच्यासाठी दगडांची घरटी बांधून देतात. औषध फवारण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. आपल्याकडंही ज्वारी चिकात यायच्या आधी आणि नंतर भोरडी नाकतोडे आणि अळ्याच टिपत असते. ते कुणी बघत नाही, कारण तेव्हा माळ्यावर कुणी बसलेलं नसतं.

ज्वारीवरून आठवलं. भाच्यानं एकदा सांगितलं, "मामा, इकडं दाण्याचं स्वस्त पाकीट आणलं की त्यात निम्मे लाल गोल दाणे असतात. पाखरं ते चोचीनं उडवून खाली टाकतात, सूर्यफूल तेवढं खातात. नुसता भरताड माल." त्या दाण्याचं नाव काय, विचारलं. म्हणाला, मायलो. मी त्याला फोन धरून ठेवायला सांगितला आणि आईला हाक मारली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली होती, मिलो. खडी फोडायच्या कामावरून आल्यावर त्या मिलोची भाकरी थापायची, ती तव्यावर तडकायची, घशाखाली उतरायची नाही, आणि तरी पोरांनी ती पाण्याबरोबर गिळली, हे आई अजून सांगते. आता नव्वदीला टेकली आहे. नातवाच्या अंगणातली पाखरं तेच दाणे उडवून लावतात हे ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "शहाणी हायेत."

आमचा जिल्हा खरं तर बियाण्यांचा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्यामागून बियाण्याच्या कितीतरी कंपन्या इथं उभ्या राहिल्या. देशभरात काय पेरलं जावं, याचा बराचसा निर्णय एके काळी जालन्याच्या गोदामांतून होत असे. त्याच जालन्याच्या मोंढ्यात सकाळी दुकान उघडायच्या आधी मूठ-मूठ ज्वारी कबुतरांपुढं टाकणारेही आहेत. हेतू चांगला, पण त्यातून वाढलं फक्त कबुतर. मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावर २०२५ मध्ये ताडपत्री घालावी लागली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, ते सगळ्यांनी वाचलं. एकाच जातीच्या पाखराला बाराही महिने एकाच चौकात खायला घालणं याला मी पक्षीसेवा म्हणणार नाही.

दाणे घालायचे तर कसे, हे मारवाडातूनच शिकण्यासारखं आहे. राजस्थानात फलोदीजवळ खीचन नावाचं गाव आहे. तिथं हिवाळ्यात हजारो करकोचे उतरतात, त्यांना तिकडं कुरजा म्हणतात. जैन कुटुंबांच्या पुढाकारानं गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी कुंपण घातलेली जागा केली आणि पिढ्यानपिढ्या ज्वारी पुरवली. मंगोलियाकडून येणारे हे पक्षी त्या गावाचे झाले. जून २०२५ मध्ये खीचनला रामसर यादीत जागा मिळाली. मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की तिथं कुणी एकटा खायला घालत नाही, गाव घालतं. वाटा सगळ्यांत विभागला की भार वाटत नाही, हे खीचनच्या शेटजींना कळलं तेच आमच्या माळ्यावरच्या म्हाताऱ्याला कळलं होतं.

आणि माणसानं टाकलेल्या दाण्यानं पाखरांची वाटही बदलते. मध्य युरोपातला ब्लॅककॅप, वटवट्यांच्याच गोतातला, थंडीत पूर्वी दक्षिणेला स्पेनकडं जायचा. ब्रिटनमधल्या लोकांनी परसात खायला ठेवायला सुरुवात केली, तसे त्यातले काही उलट दिशेनं, वायव्येला ब्रिटनमध्येच हिवाळा काढू लागले. अर्ध्या शतकाच्या आत. खायला मिळालं म्हणून वाट बदलणारं पाखरू खायला मिळेनासं झालं की वाट बदलणार नाही, असं कसं होईल? भोरड्या आणखी काही वर्षांनी मराठवाड्यावरून पुढं निघून गेल्या तर त्यांना दोष देता येणार नाही.

तर आता मुद्द्याचं. गावोगावी ज्वारी परत आणा असं सांगायला मी बसलेलो नाही. ज्याचं पोट शेतीवर आहे त्याला सोयाबीन सोडायला सांगण्याचा मला अधिकार नाही. पण रब्बीत हरभरा तर आता सगळेच पेरतात. हरभऱ्यावर घाटेअळी पडते, तिला औषध पुरत नाही. अळी वेचायला पक्षी यावेत म्हणून हरभऱ्यात पक्षीथांबे उभे करा, पेरताना बियाण्यात थोडे ज्वारीचे दाणे मिसळा, असं कृषी विद्यापीठवाले आणि कृषी खातं कधीपासून सांगत आहेत. ज्वारीची धाटं उंच होतात, त्यावर कोतवाल, साळुंक्या, भोरड्या बसतात, कणीस खातात आणि खालच्या अळ्याही खातात. ज्या वावरांत हे केलेलं आहे तिथं मी सकाळी उभा राहून बघितलं आहे. धाटावरून खाली झेप, पुन्हा धाटावर, चोचीत हिरवी अळी. या मूठभर ज्वारीवर कुणी माळा घालत नाही, कारण ती पाखरांसाठीच पेरलेली असते.

फक्त हे एकट्यानं करू नका. एकट्यानं केलं की काय होतं ते वर सांगितलं आहे. बांधाला बांध लागलेल्या दहा-पंधरा जणांनी एकाच वेळी करायला हवं. ज्यांना शेत नाही, त्यांनी दाण्यांची परात थंडीत ठेवण्याची घाई करू नये. ती होळीपासून ठेवावी, आठवड्याला घासून उन्हात वाळवावी. २०२०-२१ च्या हिवाळ्यात अमेरिकेत घाण डब्यांवरून सालमोनेलाची साथ पसरून रानचिमण्यांसारखे कितीतरी छोटे पक्षी मेले आणि तिथल्या सरकारी खात्यांना लोकांना डबे उतरवायला सांगावं लागलं. शिळा भात, फरसाण, पाव टाकू नये. थंडीत द्यायचंच तर उथळ भांड्यात पाणी द्या आणि दारातल्या झाडावर औषध मारू नका, धोबी आणि वटवट्या तेवढ्यावर भागवतात. आणि शेतकऱ्यांनो, येत्या कार्तिकात हरभऱ्याचं बी काढाल तेव्हा त्यात मूठभर ज्वारी टाका, आणि निघताना शेजारच्या बांधावरही सांगून ठेवा.